पट्टा, तीर आणि मधले अंतर

खेळाचे नियम ही एक संहिता आहे असे मानले, तर तिला इतर संहितांप्रमाणेच काही प्रश्न विचारता येतात. ही संहिता कशाला मोजते? कशाला मोजीत नाही? कोणत्या कृतीला ती प्रसंगाचे मोल देते आणि कोणती कृती केवळ हिशेब म्हणून उरकून टाकते? गेली काही वर्षे हे प्रश्न मला पोवाडे आणि बखरी वाचताना पडत आले. त्यांची उत्तरे मात्र अनपेक्षित जागी सापडू लागली. करकंबला आमच्या घराच्या गच्चीवर, उन्हाळ्याच्या सुट्टीत जमणाऱ्या मुलांच्या एका खेळात ती होती. ज्याला इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात आणि ज्याला मी भूमिकाखेळ म्हणेन, तो हा खेळ. त्यातील एक जुनी, जगभरच्या खेळाडूंना छळणारी अडचण अशी, की हातघाईने लढणारा आणि दुरून मारा करणारा या दोघांचा तोल राखायचा कसा? अडचण पोरकट वाटेल. मला ती कथनमीमांसेची वाटते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एकजण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि ते साधले की नाही हे फासे ठरवतात. लिखित नाटक नाही, प्रेक्षक नाहीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्याच्या मागे १९७१चा ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन शिपायांच्या बाहुल्यांनी खेळावयाचा युद्धखेळ होता, आणि त्याच्याही मागे एकोणिसाव्या शतकातील प्रशियन लष्कराचा नकाशावरचा युद्धाभ्यास. या वंशावळीत एच. जी. वेल्स यांचे १९१३चे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक मला सर्वांत बोलके वाटते. वेल्स यांच्या खेळात तोफ खरोखर उडते. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळा मारायचा आणि जो बाहुला पडेल तो मेला. हातघाई मात्र तेथे शुद्ध अंकगणित आहे. दोन तुकड्या भिडल्या की संख्या मोजायची, बरोबरीने बाहुले उचलायचे. म्हणजे दूरच्या माऱ्याला हाताचे कसब आणि जवळच्या लढाईला वजाबाकी. ज्या युरोपने त्यानंतर वर्षभरात तोफखान्याचे महायुद्ध सुरू केले, त्याच्या दिवाणखान्यातला हा खेळ आहे हे विसरता येत नाही.

आपल्याकडे हे पारडे उलटे आहे. पण त्याकडे जाण्यापूर्वी गच्चीवर जाऊ.

मुले पाच. दोघे पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारे, एक अकरावीतला, एक शेजारचा दुकानदाराचा मुलगा आणि माझी पुतणी. पुस्तक इंग्रजी, २०१४ सालच्या आवृत्तीचे. बोलणे सगळे मराठी. परदेशी राक्षसांचा लवकरच कंटाळा आला आणि त्यांनी खेळ दख्खनमध्ये आणला. पुतणीने पट्टेकरी निवडला. पट्टा पुस्तकात नाही, म्हणून त्याला तलवारीचे आकडे लावले. अकरावीतल्याने तिरंदाज घेतला. तीन-चार बैठका झाल्यावर पुतणी खेळातून उठली. रुसली नव्हती, तिचे म्हणणे तिने एका वाक्यात मांडले: “मी पोहोचते तोवर गोष्ट संपलेली असते.”

या वाक्यावर मी बराच काळ विचार केला आहे. तिने ‘लढाई संपलेली असते’ असे म्हटले नाही.

हिशेब पाहू. पुस्तकातील लांब धनुष्याचा पल्ला १५० फुटांचा. त्यापलीकडे ६०० फुटांपर्यंतही बाण जातो, पण नेम कठीण होतो. एक पाळी सहा सेकंदांची. माणूस एका पाळीत ३० फूट चालतो आणि हल्ल्याची संधी सोडून नुसता धावला तर ६०. समोर मोकळे रान असेल, तर चालत निघालेल्या पट्टेकऱ्याला तिरंदाजापर्यंत पोहोचायला पाच पाळ्या लागतात. प्रत्येक बाण सरासरी साडेसात अंकांची इजा करतो आणि तिनांतले दोन बाण लागतात असे धरले, तर पाच पाळ्यांत पंचवीस अंक गेले. खेळाच्या दुसऱ्या पातळीवरच्या योद्ध्यापाशी असतात साधारण वीस. तो धावत निघाला तर तीन पाळ्यांत पोहोचेल आणि पंधरा अंक गमावून, धापा टाकीत, एखादा वार करील. पण तिरंदाज काय तेथेच उभा राहणार? तो प्रत्येक पाळीला बाण सोडून तीस फूट मागे सरतो आणि पुन्हा पाच पाळ्या होतात. हे झाले शत्रूकडच्या तिरंदाजाचे. तिरंदाज आपल्या बाजूचा असला तरी पुतणीच्या वाट्याला तेच येते. ती धावत असते आणि समोरचे एकामागून एक पडत असतात.

नियमकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. शत्रू पाच फुटांच्या आत आला की तीर मारणाऱ्याने दोन फासे टाकून त्यांतला लहान घ्यावयाचा, असा नियम आहे. आडोशाला असलेल्याचा बचाव दोनाने किंवा पाचाने वाढतो. २०००च्या आवृत्तीत तर आपला माणूस ज्याच्याशी भिडला आहे त्याच्यावर बाण सोडायचा तर फाशातून चार वजा करावे लागत. पुढे हे बंध एकेक करून सैल झाले. तरबेज नेमबाजाला आडोशाची अडचण जाणवू नये, जवळचा शत्रू बाधू नये, अशी खास कौशल्ये आली. याच नेमबाजाला अचूकपणात पाच वजा करून इजेत दहा मिळवण्याची जी मुभा होती, ती २०२४च्या सुधारित पुस्तकातून काढून टाकण्यात आली, यावरून या तोलाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही हे दिसते.

मुलांनीही आपल्या परीने डागडुजी केली. भात्यातले बाण मोजायचे ठरले. धनुष्याची इजा एकाने कमी केली. हे सगळे उपाय आकड्यांचे होते आणि आकड्यांनी पुतणीचे समाधान होईना. मला वाटते, तिचा आक्षेप इजेच्या प्रमाणावर नव्हताच. या खेळाच्या नावातच तळघर आहे. त्याचा जन्म भुयारात, तीस-चाळीस फुटांच्या दालनांत, दाराच्या चौकटीशी झाला. तेथे दीडशे फुटांचा पल्ला कागदावरच राहतो. दार उघडताच शत्रू दोन ढांगांवर असतो आणि पट्टेकरी पहिल्याच पाळीत भिडतो. म्हणजे जवळ आणि दूर यांचा जो तोल नियमांत आहे असे वाटते, तो त्या दालनांच्या भिंतींत होता. नियम तोच ठेवून मुलांनी लढाई सोलापूरच्या माळावर आणली आणि भिंती पडल्या. संहितेने न सांगता गृहीत धरलेला अवकाश हाच तिचा सर्वांत मोठा नियम होता.

येथे मला आपले पोवाडे आठवले. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाचा, सिंहगडाचा तुळशीदासाचा. पहिल्याचा प्रसंग १६५९चा, प्रतापगडाच्या पायथ्याचा शामियाना. दुसऱ्याचा १६७०चा, कड्याच्या माथ्यावरची रात्र. १६६०ची घोडखिंड तर नावानेच खिंड आहे. मराठी मनाने ज्या लढायांवर सर्वाधिक प्रेम केले त्या सर्व चिंचोळ्या जागी झालेल्या आहेत. शामियाना, तट, खिंड: हीच आपली भुयारे. तेथे लांब पल्ल्याला वाव नाही, म्हणून शस्त्राइतकाच त्याला धरणारा हात महत्त्वाचा ठरतो आणि हाताला नाव असते. घोडखिंडीच्या कथेत तोफ आहे, पण ती विशाळगडावर आहे आणि शत्रूवर उडत नाही. राजे पोहोचले हे ती बाजीप्रभूंना कळवते. दूरच्या शस्त्राला कथेत प्रवेश हवा असेल तर त्याने शस्त्रपण टाकून निरोप्या व्हावे, अशीच जणू ही परंपरा अट घालते.

अपवाद आहेत, आणि त्यांतला एक फार महत्त्वाचा. १६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात मुरारबाजी देशपांडे निवडक मावळे घेऊन दिलेरखानावर चालून गेले. सभासदाच्या बखरीनुसार दिलेरखानाने त्यांचे शौर्य पाहून कौल देऊ केला, त्यांनी तो झिडकारला आणि मग खानाने स्वतः तीर मारून त्यांना पाडले. येथे दुरून आलेला बाण वीराचा अंत करतो. मात्र बखरकाराने त्या बाणाला आधी बोलायला लावले आहे हे पाहण्याजोगे आहे. खान बोलतो, मुरारबाजी उत्तर देतात, मगच तीर सुटतो. शब्दांनी अंतर आधी मिटवले जाते. महाभारतातही हेच आहे. धनुष्य हे तेथले प्रमुख शस्त्र, पण धनुर्धर एकमेकांना नावाने हाका मारतात, दूषणे देतात, सोडलेल्या अस्त्रांना नावे असतात. त्यामुळे अर्जुन आणि कर्ण यांच्यातील अंतर कितीही असले तरी ते द्वंद्वच राहते. कथनाच्या दृष्टीने गांडीव हे हातघाईचे शस्त्र आहे. गच्चीवरचा आमचा तिरंदाज मात्र मुका होता. “मारतो,” एवढेच तो म्हणे आणि फासा टाकी.

मोकळ्या मैदानावरच्या लढाया आपल्या वाङ्मयात वेगळ्या प्रकारांत गेल्या. खर्ड्याच्या १७९५च्या विजयावर पोवाडे आहेत, पण त्यांत लढाईपेक्षा सरदारांची नामावळी अधिक भरते असे मला वाटते. आणि पानिपत तर मुख्यतः बखरीचे झाले. १४ जानेवारी १७६१ची ती लढाई, भूमिकाखेळाच्या भाषेत बोलायचे तर, जवळ आणि दूर यांचा तोल एकाच सैन्यात न साधल्याची कथा आहे. सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाभोवती आणि तोफखान्याभोवती गोल बांधून चालायचे योजले होते. मागाहून सांगितली जाणारी हकिकत अशी, की गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडताना पाहून विंचूरकर आणि गायकवाड यांचे घोडदळ गोल सोडून पुढे घुसले, रोहिल्यांच्या बंदुकांनी परतवले गेले आणि गारद्यांची बाजू उघडी पडली. आपलेच लोक आपल्याच तोफांच्या तोंडाशी आले असेही वर्णिले जाते. त्र्यं. शं. शेजवलकरांपासून अनेकांनी या लढाईची कारणमीमांसा केली आहे आणि तीत भर घालण्याचा माझा अधिकार नाही. मला दिसते ते इतकेच, की त्या घोडेस्वारांच्या मनात असलेली लढाईची गोष्ट आणि गोलाची गोष्ट या दोन वेगळ्या वाङ्मयप्रकारांतल्या होत्या. गोलात थांबणे ही कृती आहे. घोडेस्वाराच्या कथेत थांबणे म्हणजे कृतीचा अभाव.

हे मी एका संध्याकाळी मुलांना सांगितले तेव्हा पुण्याच्या दोघांपैकी एकाने बंदुकीचा हिशेब मांडला आणि तो मला आजही पटतो. तोड्याची बंदूक भरायला निष्णात हातालाही अर्धे मिनिट तरी लागते. सहा सेकंदांची पाळी धरली तर एका बारानंतर पाच पाळ्या बंदूक मुकी. आणि दीडशे फूट चालायलाही पाचच पाळ्या! म्हणजे एकट्या बंदुकवाल्यासमोर पट्टेकऱ्याने एक बार सोसला की पुढची वाट त्याची. चकमकीची बंदूक मिनिटाला दोन-तीन बार काढते, तरीही एकट्याशी सामना होतो. पण तेच बंदुकवाले कवायतीने फळीत उभे राहिले, एक रांग भरत असताना दुसरीने बार काढला, की मधला रिकामा वेळ नाहीसा होतो आणि त्याबरोबर पट्टेकरीही. फळीतल्या बंदुकवाल्याला नाव नसते. भूमिकाखेळात चार-पाच नावे असतात, पोवाड्यातही तितकीच. फळीची गोष्ट या दोघांनाही सांगता येत नाही. नियमांत कितीही सुधारणा केली तरी येणार नाही.

मग मुलांनी आष्टी घेतली. हे आपल्याजवळचे. करकंबपासून आष्टी फार लांब नाही. तेथला मोठा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे लढाईनंतरचा. फेब्रुवारी १८१८मध्ये दुसरे बाजीराव सोलापूरकडून येत असता जनरल स्मिथने त्यांना येथे गाठले. बाजीराव निसटले, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले आणि पिछाडी सांभाळताना बापू गोखले पडले. बापूंच्या आयुष्यातल्या दोन लढाया शेजारी ठेवून पाहाव्यात. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीवर त्यांचे घोडदळ इंग्रजांच्या फळीवर चालून गेले तेव्हा मध्ये दलदल होती. घोडी रुतली, फळीने बार काढले, जरीपटका घेऊन गेलेले मोरो दीक्षित कामी आले. साडेतीन महिन्यांनी आष्टीला मात्र गाठ पडली ती घोडदळाशी घोडदळाची. खडकीवर बापूंना पोहोचता आले नाही. आष्टीला ते पोहोचले, आणि तोवर राज्य संपलेले होते. पुतणीचे वाक्य मला तेथे पुन्हा ऐकू आले.

ती या खेळात परत आली ती एका हरकतीसह. सूत्रधाराने नकाशावर आष्टीचा परिसर मोकळा माळ म्हणून काढला होता. ती म्हणाली, “फेब्रुवारीत रान मोकळे कसे असेल? रब्बीची ज्वारी उभी नसेल का?” शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीचा हा प्रश्न होता. आमच्याकडची शाळू माणसाच्या डोक्याबरोबर येते. काढणी कुठे झालेली, कुठे व्हायची, असा तो महिना. १८१८मध्ये त्या नेमक्या रानांत काय उभे होते हे कोणीही छातीठोक सांगू नये. पण इतिहासाच्या प्रश्नाला पुरावा लागतो, खेळाच्या प्रश्नाला संभाव्यता पुरते. बराच वाद झाला. अखेर नकाशावर काही वावरे ज्वारीची रंगवली गेली, काही कापलेली, मधून बैलगाडीची वाट. आज हाच प्रसंग मांडायचा तर उजनीच्या पाण्याने आलेला ऊस काढावा लागला असता, आणि उसात तर पाच हातांवरचे दिसत नाही.

ज्वारीने पट्टेकऱ्याच्या इजेत एकाचीही वाढ केली नाही, धनुष्यातूनही एक वजा केला नाही. तरी खेळ बदलला. तिरंदाजाला आता वाट धरून बसावे लागे. कोण येते आहे हे पाहावे लागे. ताटांच्या हालचालीवरून अंदाज बांधावा लागे. तो प्रश्न विचारू लागला. त्याच्या पाळीला पूर्वी तीन सेकंद लागत, आता तीन-तीन मिनिटे. शेजारच्या दुकानदाराचा मुलगा, जो एरवी फारसा बोलत नाही, त्याने एक नियम सुचवला: ज्याच्यावर तीर सोडायचा, तो कसा दिसतो ते सूत्रधाराकडून आधी ऐकायचे, मगच फासा. त्याने सभासद वाचलेला नाही. हा नियम एका बैठकीपुरता घेतला गेला आणि त्या बैठकीत दोनदा असे झाले की वर्णन ऐकल्यावर अकरावीतल्याने फासा टाकलाच नाही. एकदा समोरचा स्वार पखालजी निघाला, आणि दुसऱ्यांदा, त्याच्या मते, फारच लहान मुलगा.

पुण्याचे दोघे या नियमावर नाराज आहेत. त्यांच्या मते अशाने खेळ रेंगाळतो, आणि दूरचा मारा हा जर पाहण्याचा नियम होणार असेल तर तोफेचे काय करायचे? तोफेला चेहरा दिसत नाही. आक्षेप रास्त आहे. स्मिथच्या फौजेबरोबर घोडतोफा होत्या, त्या खेळात आणायच्या तर त्यांच्यामागे कोणीतरी माणूस हवा, त्याला गाव हवे, बोली हवी, घरची काळजी हवी. दोन्हीकडच्या गोलंदाजांत या देशातलेच लोक होते. भूमिका लिहायला अडचण नाही. सूत्रधाराने ती लिहूनही ठेवली आहे: मद्रासकडून आलेला, दारूने एका कानाने बहिरा झालेला, मराठी मोडकी बोलणारा. कागद गेले वर्षभर वहीत पडून आहे. पाचांपैकी कोणीही तो अजून उचललेला नाही. पुतणीने मात्र त्यावर पेन्सिलीने एक प्रश्न लिहून ठेवला आहे, की याला पट्टेकरी येताना दिसतो का.